परक्यांची आई : संत फ्रान्सिस कॅब्रिनी

दरवर्षी २२ डिसेंबरला, नाताळच्या धावपळीत, एका संत स्त्रीची पुण्यतिथी आपल्या लक्षातही न येता निघून जाते. स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

मदर कॅब्रिनी यांचा जन्म १५ जुलै १८५० रोजी उत्तर इटलीत झाला. प्रकृती तोळामासा. लहानपणी त्या कागदी होड्यांत फुले ठेवून पाण्यात सोडत. ती फुले म्हणजे चीनला निघालेले मिशनरी! एकदा त्या स्वतःच पाण्यात पडल्या आणि पाण्याची भीती मनात बसली. नाजूक प्रकृतीमुळे त्यांना संन्यस्त जीवनात प्रवेश नाकारण्यात आला. तरीही १८८० साली त्यांनी येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींचा संघ स्थापन केला.

त्यांना चीनला जायचे होते. पण पोप लिओ तेरावे यांनी त्यांना अमेरिकेतील गरीब इटालियन मजुरांकडे पाठवले. ३१ मार्च १८८९ रोजी सहा भगिनींसह त्या न्यूयॉर्कला उतरल्या. ठरलेल्या अनाथालयाचा बेत फिसकटला होता. आर्चबिशपांनी परत जाण्याचा सल्ला दिला. त्या नम्रपणे, पण ठामपणे तिथेच राहिल्या.

त्या मजुरांना तिथली भाषा येत नव्हती आणि त्यांना कुणाचा आधार नव्हता. भगिनी घरोघरी गेल्या, खाणीत उतरल्या, तुरुंगातील कैद्यांना भेटल्या. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने ११ इटालियनांना ठार मारले. पुढच्याच वर्षी मदरनी त्या शहरात भगिनींचे घर उघडले. पाण्याला घाबरणाऱ्या या बाईंनी वीसहून अधिक वेळा महासागर ओलांडला. शाळा, अनाथालये, रुग्णालये मिळून ६७ संस्था त्यांनी उभारल्या. १९१७ साली शिकागो येथे त्या प्रभूघरी गेल्या. १९४६ साली त्यांना संतपद मिळाले.

त्यांच्या निधनानंतर नव्वद वर्षांनी, १२ मे २००८ रोजी, त्याच अमेरिकेत, आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या छोट्या गावी मांसप्रक्रियेच्या कारखान्यावर सरकारी धाड पडली. परवान्याविना काम करणारे ३८९ कामगार पकडले गेले. त्यांत बहुसंख्य ग्वाटेमालाचे होते. घाबरलेल्या बायका-मुलांनी सेंट ब्रिजेट या कॅथलिक चर्चकडे धाव घेतली. शेकडो जण चर्चमध्येच झोपले. काही मातांना मुलांसाठी सोडले, पण पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा आणि काम करण्यास मनाई! घरभाडे कुठून द्यायचे? जेवणाचे काय? धर्मग्रामाने कित्येक महिने हा भार उचलला. इतर ख्रिस्ती पंथीय आणि ज्यू बांधवही मदतीला आले. कायद्याचा निवाडा न्यायालयाने करायचा होता. चर्चने आधी उपाशी कोण आहे ते पाहिले. मदर कॅब्रिनींनी दुसरे काय केले होते?

आपल्याही घरांतील माणसे पोटासाठी परदेशी गेली आहेत, आणि परमुलखातली माणसे आपल्या दारी कामाला येतात. त्यांचा कर्ता माणूस अडकला, तर त्यांची मुले आपल्या चर्चचे दार ठोठावतील का? ते दार आपले आहे असे त्यांना वाटावे, एवढी ओळख आपण त्यांच्याशी आजच करून ठेवू या.

संत फ्रान्सिस कॅब्रिनी, आम्हांसाठी विनंती कर.