एलिझाबेथ ली हेझन

एलिझाबेथ ली हेझन (२४ ऑगस्ट १८८५ – २४ जून १९७५) या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. रसायनशास्त्रज्ञ रेचेल फुलर ब्राउन यांच्यासह त्यांनी नायस्टॅटिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधले. तान्ह्या मुलांच्या तोंडातील पांढरे चट्टे आणि लंगोटाच्या जागी बुरशीमुळे उठणारे पुरळ यांवर ते आजही वापरले जाते.

जीवन

हेझन यांचा जन्म मिसिसिपी राज्यातील रिच या गावी झाला. वयाच्या चौथ्या वर्षापूर्वीच आईवडील वारल्याने काका-काकूंनी त्यांचा सांभाळ केला. १९१० मध्ये पदवी घेऊन त्यांनी काही काळ शाळेत विज्ञान शिकवले. पहिल्या महायुद्धात त्या लष्कराच्या रोगनिदान प्रयोगशाळांत होत्या. कोलंबिया विद्यापीठातून १९२७ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली, तेव्हा त्यांचे वय ४२ होते. १९३१ पासून त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात रुजू झाल्या.

नायस्टॅटिनचा शोध

१९४० च्या दशकात नव्या प्रतिजैविकांनी जिवाणूंचे रोग आटोक्यात येऊ लागले, पण त्यातून एक वेगळीच अडचण उभी राहिली. शरीरातील निरुपद्रवी जिवाणूही मरत आणि त्यांनी मोकळी केलेली जागा कँडिडा ही बुरशी व्यापत असे. तिच्यावर सुरक्षित औषध नव्हते.

१९४८ मध्ये हेझन व ब्राउन यांचे सहकार्य सुरू झाले. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतील सूक्ष्मजीव वाढवून त्यांची रोगकारक बुरशींवर चाचणी घेत. आशादायक नमुने काचेच्या बरण्यांतून टपालाने ऑल्बनीला जात. तेथे ब्राउन त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे करून परत पाठवत. बुरशी मारणारी बहुतेक द्रव्ये प्रयोगातील प्राण्यांनाही मारक ठरत. अखेर यश आले ते हेझन यांच्या परिचित नॉर्स कुटुंबाच्या व्हर्जिनियातील शेतावरून आणलेल्या मातीत. त्या जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिस नॉर्सी हे नाव मिळाले. १९५० मध्ये शोध जाहीर झाला. औषधाचे आधीचे नाव फंगिसिडिन होते. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून ते नायस्टॅटिन झाले. स्क्विब कंपनीने ते १९५४ मध्ये बाजारात आणले.

बालरोगांतील उपयोग

नायस्टॅटिन बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटते, पटलाला छिद्रे पडतात व पेशी मरते. त्वचेतून वा आतड्यातून ते जवळजवळ शोषले जात नाही. रक्तात टोचण्यास ते अयोग्य आहे, मात्र याच गुणामुळे तान्ह्या बाळाच्या त्वचेवर लावण्यास ते सोयीचे ठरले. कँडिडाचे पुरळ गडद लाल असते, जांघेच्या घड्यांत शिरते आणि कडेला बारीक पुटकुळ्या दिसतात. ओल्या डायपरच्या घर्षणाने येणाऱ्या साध्या पुरळापासून ते या खुणांनी ओळखता येते. नुसत्या झिंक ऑक्साइडच्या मलमाने ते सहसा जात नाही. जागा कोरडी व हवेशीर ठेवून बुरशीविरोधी क्रीम लावावे लागते. बाळाला प्रतिजैविके दिल्यानंतर ते उठण्याचा संभव अधिक असतो, म्हणजे ज्या अडचणीतून हे संशोधन सुरू झाले, तीच येथेही दिसते.

उत्तरायुष्य

एकस्वापासून १ कोटी ३० लाख डॉलरपेक्षा अधिक स्वामित्वधन जमा झाले. दोघींनी स्वतःसाठी त्यातील काहीही घेतले नाही. सारी रक्कम विज्ञानसंशोधनाच्या अनुदानांसाठी गेली. १९६६ च्या पुरानंतर फ्लॉरेन्समधील बुरशी लागलेल्या कलाकृतींवरही नायस्टॅटिन वापरले गेले. १९७५ मध्ये दोघींना अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्सचा केमिकल पायोनियर पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया होत. त्याच वर्षी सिअ‍ॅटल येथे हेझन यांचे निधन झाले. १९९४ मध्ये राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात दोघींची नावे समाविष्ट झाली.