न्यायमूर्ति रानडे आणि इतिहासाचा वाद

गेल्या सहामाहींत इयत्ता नववीच्या इतिहासाच्या तासाला आम्हीं एक वाद ठेविला होता. विषय घरचाच होता. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें जिजाबाईंचें माहेर. त्यांचे वडील लखुजी जाधवराव निजामशाहींतील मोठे सरदार. ते एकदां मोंगलांस मिळाले, पुढें परत आले, आणि १६२९ सालीं दौलताबादेस दगलबाजीनें मारले गेले. त्यांनीं धन्याशीं बेइमानी केली, कीं त्या काळच्या सरदारांची रीतच ती होती, असा प्रश्न मुलांपुढें टाकिला होता. वाद रंगांत आला असतां एक मुलगा उठला व म्हणाला, कीं जाधवरावांना आपण निर्दोष ठरविलें, तर पुस्तकांत ज्यांना फितूर म्हटलें आहे अशा दुसऱ्या पुष्कळांनाही निर्दोष ठरवावें लागेल. मला तें बोलणें उद्धटपणाचें वाटलें आणि मीं त्याला खालीं बसविलें. रात्रीं वह्या तपाशीत असतां एका जुन्या गोष्टीची आठवण झाली आणि स्वतःचीच लाज वाटली. ती गोष्ट न्यायमूर्ति रानडे ह्यांच्या विद्यार्थिदशेंतील आहे. तिच्या निमित्तानें त्या थोर पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवावें, असा विचार मनांत आला.

महादेव गोविंद रानडे ह्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या चाकरींत गेल्यामुळें माधवरावांचें बालपण कोल्हापुरास गेलें. मूल अंगानें थोराड, बोलण्यांत मंद. हा पुढें मोठें नांव काढील असें घरांत फारसें कोणाला वाटत नसे. त्यांच्या बालपणची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सोंगट्या खेळावयास एकदां गडी मिळेना, तेव्हां त्यांनीं समोरच्या खांबालाच गडी केलें. उजव्या हातानें खांबाचें दान टाकावयाचें आणि डाव्या हातानें आपलें. डाव संपला तेव्हां खांब जिंकला होता! पाहणारीं माणसें हंसूं लागलीं. पण मुलाला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. खांबाला उजवा हात दिला होता, तेव्हां तो जिंकला ह्यांत नवल कसलें, असा त्याचा सरळ हिशेब. ही गोष्ट लोक गमतीनें सांगतात. मला मात्र तींत पुढच्या इतिहासकाराची व न्यायाधीशाची ओळख पटते. जो समोर बोलावयास हजर नाहीं त्याच्या वांट्याला आपला चांगला हात द्यावा, ही बुद्धि मोठ्यांनाही क्वचितच होते.

१८५६ सालीं माधवराव मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत शिकावयास आले. दुसऱ्याच वर्षीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली, तींत ते उत्तीर्ण झाले. आणि १८६२ सालीं बी. ए. च्या पहिल्याच परीक्षेंत जे चौघे उत्तीर्ण झाले, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक ह्यांच्याबरोबर त्यांचें नांव आहे. पुढें १८६४ सालीं एम. ए. व १८६६ सालीं कायद्याची परीक्षा झाली. वाचनाचा सपाटा असा, कीं डोळे कायमचे अधू झाले. उत्तरायुष्यांत त्यांना दुसऱ्यांकडून वाचून घ्यावें लागे व मजकूर तोंडानें सांगावा लागे. दिव्याजवळ पुस्तक धरून रात्रीं जागविणाऱ्या आमच्या मुलांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

त्या काळच्या एल्फिन्स्टनमध्यें केवळ व्याख्यानें ऐकून विद्यार्थी तयार होत नसत. १८४८ सालीं तेथील अध्यापकांनीं व विद्यार्थ्यांनीं मिळून एक साहित्यविषयक व शास्त्रविषयक मंडळी स्थापिली होती, व तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक मंडळी ह्या नांवानें चालत असत. दादाभाई नवरोजी त्यांतच पुढें आले. तरुणांनीं निबंध लिहावा, तो सभेंत वाचावा, आणि मग इतरांनीं त्यावर बोलावें, अशी ह्या मंडळींची रीत होती. इतिहास हा पाठ करावयाचा विषय नसून बोलून, विचारून, तपासून पाहावयाचा विषय आहे, ही संवय त्या पिढीला अशा ठिकाणीं लागली.

आतां ती मुख्य गोष्ट. सर अलेक्झांडर ग्रँट हे १८६० सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांत इतिहासाचे व अर्थशास्त्राचे अध्यापक म्हणून आले आणि १८६२ सालीं मुख्य झाले. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर ग्रंथ केलेला हा मोठा विद्वान्. विद्यार्थ्यांवर त्यांचें प्रेम होतें व माधवरावांवर विशेष होतें. माधवरावांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली, आणि तुलनेंत मराठ्यांचें पारडें जड ठरविलें. ग्रँट साहेबांनीं त्यांना बोलावून नेलें. जें सरकार फुकट विद्या देतें त्याचीच निंदा करणें बरें नव्हे, असें त्यांनीं सुनाविलें, आणि माधवरावांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली. गरीब घरच्या मुलाला सहा महिन्यांची शिष्यवृत्ति जाणें म्हणजे काय, हें आमच्या वसतिगृहांतील मुलांच्या पालकांस सांगावयास नको.

ग्रँट साहेबांचीही बाजू पाहिली पाहिजे. १८५७ च्या बंडाला थोडींच वर्षें झालीं होतीं. राज्यकर्त्यांच्या मनांतील धास्ती गेली नव्हती. तरीपण त्यांची चूक ती चूकच, असें मला वाटतें. प्रमाणें तोलून स्वतः मत बनवावें, ही विद्या जे अध्यापक विद्यार्थ्यांस देत होते, त्यांनींच, मत अनपेक्षित निघालें म्हणून दंड केला. निबंधांतील पुरावा कच्चा असता तर तसें दाखवितां आलें असतें. विधान अतिरेकाचें असतें तर मागें घ्यावयास लावितां आलें असतें. शिष्यवृत्ति बंद करून ह्यांतील कांहींच साधलें नाहीं.

माधवराव मात्र ह्या प्रसंगानें कडू झाले नाहींत. ग्रँटविषयींचा त्यांचा आदर पुढेंही कायम राहिला. ग्रँट १८६५ सालीं शिक्षणखात्याचे मुख्य झाले, आणि १८६६ सालीं त्याच खात्यांत माधवराव मराठीचे भाषांतरकार म्हणून नेमले गेले. गुरूचें मन निवळलें होतें, असा तर्क करावयास हरकत नाहीं. तथापि मराठ्यांच्या राज्याविषयींचें आपलें मत माधवरावांनीं सोडलें नाहीं. तें पुराव्यानिशीं मांडावयास त्यांना पुढें जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलाला वर्गापुढें बोलाविलें व आदल्या दिवशींचें बोलणें पुरें करावयास सांगितलें. बोलून झाल्यावर आधार विचारिला. तो त्याच्याजवळ नव्हता. तेव्हां ग्रंथालयांतून तीन पुस्तकें काढून त्याच्या स्वाधीन केलीं. पंधरा दिवसांनीं तो परत बोलला तेव्हां त्याचा आवाज पुष्कळ खालीं आला होता, पण मुद्दा अधिक पक्का झाला होता. त्याला तेव्हां उत्तर देणें मलाही जड गेलें.

माधवरावांनीं कांहीं काळ अक्कलकोट व कोल्हापूर ह्या संस्थानांत काम केलें, आणि १८६८ पासून ते एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक होते. १८७१ सालीं ते पुण्यास न्यायाधीश होऊन गेले. कचेरींत दिवसभर दोन्ही पक्षांचें ऐकून घ्यावयाचें, आणि संध्याकाळीं गांवांत लोकांना बोलतें करावयाचें, असा त्यांचा क्रम असे. सार्वजनिक सभेचा ते कणाच होते. १८७५ सालीं त्यांच्या पुढाकारानें पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तींत ऐतिहासिक, सामाजिक, शास्त्रीय अशा सर्व विषयांवर उघड्या सभेंत बोलण्याचा पायंडा पडला. पुढें वक्तृत्वोत्तेजक सभा निघाली. आज शाळाशाळांतून वक्तृत्वाचीं बक्षिसें लागतात, त्यांचें एक मूळ ह्या पुण्याच्या खटपटींत आहे. मतांबद्दल संशयाचा जाच त्यांना पुढेंही चुकला नाहीं. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके ह्यांच्या बंडाच्या धामधुमींत त्यांची धुळ्यास बदली झाली व त्यांच्या टपालावर सरकारची नजर राहिली. त्यांनीं त्याचा गवगवा केला नाहीं.

शिष्य तयार करण्याची त्यांची रीत कडक होती. गोपाळराव गोखले फर्ग्युसन कॉलेजांत इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत, आणि फावल्या वेळीं माधवरावांपाशीं शिकत. टिपण लिहून आणावें, त्यांतील प्रत्येक आंकडा कोठून घेतला तें सांगावें, आणि चूक निघाली कीं पुनः लिहावें, असें हें शिक्षण वर्षानुवर्षें चाललें. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले, तेव्हां त्यांची साक्ष तयार करण्यांत माधवराव व गणेश व्यंकटेश जोशी ह्यांचा हात होता. तेथें कसलेल्या मुत्सद्द्यांनीं उलटतपासणी केली आणि गोखले डगमगले नाहींत.

चरित्रलेखकानें गुण तेवढेच सांगावे हें मला पटत नाहीं. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माधवरावांनीं पहिली पत्नी वारल्यावर १८७३ सालीं वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या मुलीशीं विवाह केला. त्यांच्या स्नेह्यांस व पुढील पिढ्यांस ही गोष्ट सलत राहिली. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत चहा घेतल्याबद्दल गांवांत गहजब झाला, तेव्हां त्यांनीं शेवटीं प्रायश्चित्तही घेतलें. ज्याला प्रत्येक पक्षाची अडचण दिसते, त्याचा पाय पुढें टाकतांना कधीं कधीं अडखळतो. त्या लहान वधूला, म्हणजे रमाबाईंना, त्यांनीं मोठ्या कळकळीनें शिकविलें, आणि त्या पुढें स्त्रीशिक्षणाच्या कामांत अग्रेसर झाल्या, हेंही त्याबरोबरच सांगितलें पाहिजे.

आतां इतिहासाकडे वळूं. मराठ्यांचा पहिला विस्तृत इतिहास इंग्रज अधिकारी जेम्स ग्रँट डफ ह्यांनीं लिहिला. तो १८२६ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाला. (हे ग्रँट डफ निराळे आणि कॉलेजचे ग्रँट निराळे, परीक्षेंत घोटाळा होतो म्हणून सांगून ठेवितों.) ग्रंथ मेहनतीचा आहे, पण सह्याद्रीच्या रानांत वणवा अकस्मात् पेटावा तशी मराठ्यांची सत्ता उद्भवली, असा त्याचा सूर. त्याला पहिलें जोरदार उत्तर नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या कॉलेजांतील तरुणानें दिलें. त्यानें पुण्यांतील तरुणांच्या सभेंत डफच्या बखरीवर टीकात्मक निबंध वाचला, ही १८६७ च्या सुमाराची गोष्ट. विद्यार्थ्यांच्या सभेंतील एका निबंधानें मराठ्यांच्या इतिहाससंशोधनाला चालना मिळाली.

माधवरावांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचे मित्र काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ सालीं वारले होते. बखरींवरील त्यांचा निबंध ह्या ग्रंथाला जोडला आहे. इंग्रजांनीं हिंदुस्थानचें राज्य मुख्यतः मोंगलांकडून घेतलें नसून मराठ्यांसारख्या एतद्देशीय सत्तांकडून घेतलें, येथून त्यांची मांडणी सुरू होते. शिवाजीच्या आधीं संतांनीं लोकांचीं मनें जागीं केलीं होतीं, तेव्हां ही सत्ता एका माणसाच्या साहसाची नसून सबंध लोकांच्या हालचालीची होती, असें ते दाखवितात. संतांच्या चळवळीची तुलना त्यांनीं युरोपांतील सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेशीं केली आहे. ल्यूथरचें चरित्र वाचलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस तें प्रकरण विशेष मनोरंजक वाटेल. खांबाला उजवा हात द्यावयासही ते विसरले नाहींत. शिवाजीची रोख पगाराची व खात्यांच्या वांटणीची पद्धति सोडून पुढल्यांनीं जहागिरी व वंशपरंपरा पतकरिली, तेथें राज्याला कीड लागली, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें आहे. आणि पेशव्यांच्या रोजनिशींवरील निबंधांत उत्तर पेशवाईंतील जातिभेदाच्या वाढीवरही बोट ठेविलें आहे. कॉलेजांतील निबंधाच्या वेळीं ज्यांना एकाच बाजूचे म्हणून दंड झाला, त्यांनींच ही दुसरी बाजू लिहून ठेविली.

ह्या ग्रंथावरही वाद झाला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांच्या साधनग्रंथाचा पहिला खंड १८९८ सालींच निघाला होता. राजवाड्यांचा भर अस्सल कागदपत्रांवर; बखरींवर त्यांचा विश्वास थोडा. संतांमुळें महाराष्ट्र जागा झाला हें मतही त्यांना मान्य नव्हतें. विठ्ठलभक्तीनें लोक उलट निष्क्रिय झाले, असें ते प्रतिपादीत. ह्यांत खरें कोणाचें, हा विषय आम्हीं यंदा दहावीसाठीं योजिला आहे. दोन्ही बाजूंच्या मुलांना दोन्ही पुस्तकांतील उतारे आधीं वाचावे लागतील, आणि आयत्या वेळीं पक्ष बदलावयास सांगितला तर बदलावा लागेल.

माधवराव १८९३ पासून मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति होते. प्रकृति बिघडली तरी काम चालूच राहिलें. १६ जानेवारी १९०१ रोजीं, वयाच्या ५९ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. मराठ्यांच्या इतिहासाचा त्यांनीं योजिलेला दुसरा भाग लिहावयाचा राहून गेला.