पदवीविना वैद्य : वाल्डेमार हाफकिन

लखनौच्या आलमबागेत सेनापती हेन्री हॅवलॉक यांची कबर आहे. १८५७ च्या रणधुमाळीत ते गोळ्यांतून बचावले, आणि २४ नोव्हेंबर रोजी आमांशाने निवर्तले. त्या काळी छावण्यांतून शत्रूपेक्षा रोगराईच अधिक बळी घेई आणि पटकीचे नाव काढताच शिपायांचा थरकाप उडे. पुढे १८९३ मध्ये त्याच पटकीवरील लस घेऊन तेहतीस वर्षांचा एक संशोधक हिंदुस्थानात उतरला. मुंबईकरांना त्याचे नाव परळच्या संस्थेमुळे परिचित आहे. परंतु तो डॉक्टर नव्हता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. विद्यापीठात मेचनिकॉव यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. स्वधर्म सोडून रशियन चर्चचा स्वीकार केला असता, तर त्यांना प्राध्यापकपद मिळाले असते. त्यांनी ते नाकारले. पोटासाठी केलेले धर्मांतर कोणत्याच धर्माला भूषणावह नाही, हे आपण ख्रिस्ती जनांनीही मान्य करावे. १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. तेथे जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. तीच त्यांनी पत्करली आणि फावल्या वेळात सूक्ष्मदर्शकाशी बसू लागले. १८ जुलै १८९२ रोजी पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

हिंदुस्थानात त्यांनी आग्र्यापासून आरंभ केला. सुमारे दोन वर्षांत बेचाळीस हजारांवर लोकांना लस टोचली गेली. लखनौच्या छावणीत मात्र १८९४ च्या साथीत लसीचा गुण फारसा दिसला नाही. त्यांनी ती आकडेवारी न लपवता अहवालात मांडली.

१८९६ च्या अखेरीस प्लेगने मुंबई हादरली. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा स्वतःवरच प्रयोग! ताप चढला, सुई टोचलेली जागा ठणकू लागली, तरी ते कामावरून हलले नाहीत. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली, आणि लस घेतलेल्यांत रोग स्पष्टपणे कमी आढळला.

पदवीचा अभाव मात्र त्यांना १९०२ साली भोवला. पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, असे पुढे दिसून आले. तथापि चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. अगोदरच अनेक डॉक्टर या परक्या प्राणिशास्त्रज्ञाकडे संशयाने पाहत होते. आता त्यांना निमित्त मिळाले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त ठरले. त्यांना कलकत्त्यास पुन्हा नेमण्यात आले, परंतु लसीचे नवे प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली नाही.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. हाफकिन २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे निवर्तले. ते अविवाहित होते. आपली बहुतेक मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मविद्यालयांसाठी ठेवली होती.