व्हर्सायहून कपोताक्षाकडे : मायकेल मधुसूदन दत्त यांचा परदेशवास

मायकेल मधुसूदन दत्त यांच्या चरित्रातील १८६२ ते १८६७ ही परदेशवासाची वर्षे बहुधा त्यांच्या दारिद्र्याची आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जातात. ती कथा खरीच आहे. परंतु दूर गेलेल्या कवीने मायदेशाशी संबंध कोणत्या मार्गांनी राखला, या दृष्टीनेही ही वर्षे अभ्यसनीय आहेत.

जेसोर जिल्ह्यातील कपोताक्ष नदीकाठच्या सागरदाडी या गावी २५ जानेवारी १८२४ रोजी मधुसूदनांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकत असतानाच इंग्रजी कवी होण्याच्या आणि विलायतेस जाण्याच्या आकांक्षेने त्यांना पछाडले होते. १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर दुरावले. १८४८ मध्ये ते मद्रासला गेले. तेथे प्रसिद्ध झालेले आपले इंग्रजी काव्य त्यांनी कलकत्त्यास पाठविले, तेव्हा मातृभाषेत लिहिण्याचा बेथून यांचा सल्ला बालमित्र गौरदास बसाक यांच्यामार्फत पत्रानेच त्यांच्यापर्यंत पोहोचला. मद्रासच्या वास्तव्यातच आईवडील निवर्तले. मिळकत नातलगांच्या हाती गेल्याची वार्ताही गौरदासांच्याच पत्राने आली. १८५६ साली कलकत्त्यास परतल्यावर अवघ्या काही वर्षांत 'शर्मिष्ठा' हे नाटक आणि 'मेघनादवध काव्य' (१८६१) लिहून त्यांनी बंगाली साहित्याचे वळणच बदलले.

जून १८६२ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ते इंग्लंडला निघाले. वडिलार्जित मिळकतीच्या उत्पन्नातून कलकत्त्यास राहिलेल्या हेन्रिएटा व मुलांचा खर्च चालावा आणि काही रक्कम आपणास लंडनला मिळावी, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. ती लवकरच कोलमडली. पैसे येईनात, पत्रांना उत्तरे येईनात. १८६३ साली हेन्रिएटा मुलांसह त्यांच्याकडे येऊन पोहोचल्या. लंडनचा खर्च न झेपल्याने हे कुटुंब त्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हर्साय येथे राहावयास गेले. तेथे उधारी वाढत गेली आणि कर्जापायी तुरुंगात जाण्याची भीती निर्माण झाली.

अशा स्थितीत २ जून १८६४ रोजी मधुसूदनांनी विद्यासागरांना पत्र लिहिले. सुएझचा कालवा खुला होण्यास अजून पाच वर्षे होती. टपाल जात-येत असताना आठवड्यांमागून आठवडे वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. २८ ऑगस्टच्या सकाळी मुले जत्रेला जाण्याचा हट्ट धरून बसली होती आणि घरात केवळ तीन फ्रँक शिल्लक होते. आज हिंदुस्थानची टपाल येणार, असा धीर मधुसूदनांनी दिला. तासाभरातच विद्यासागरांचे पत्र आणि १५०० रुपये हाती पडले. पत्र गेल्यापासून सत्त्याऐंशी दिवस लोटले होते. पुढेही विद्यासागरांनी, प्रसंगी स्वतः ऋण काढून, पैसे पाठविले.

विद्यासागर आणि गौरदास यांना मधुसूदनांनी लिहिलेली ही पत्रे इंग्रजीत आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याच व्हर्सायमध्ये, फ्रेंच व इटालियनचा अभ्यास चालू असताना, ते पेत्रार्काच्या धर्तीवर बंगालीत चतुर्दशपदी कविता लिहीत होते. त्यांपैकी काहींचे विषय युरोपीय आहेत. १८६५ साली दान्तेच्या सहाव्या जन्मशताब्दीनिमित्त लिहिलेली कविता त्यांनी इटलीच्या राजाकडेही पाठविली. परंतु कपोताक्ष, काठावरची जुनी शिवमंदिरे, वटवृक्ष, विजयादशमी, कोजागरीची लक्ष्मीपूजा, कृत्तिवास आणि काशीराम दास या विषयांकडे कवी पुनःपुन्हा वळतो. वीस वर्षांपूर्वी धर्म सोडलेल्या माणसाने घरचे सणवार इतक्या जिव्हाळ्याने स्मरावेत, यात त्यांच्या मनाची घडण दिसते. व्यवहारासाठी इंग्रजी आणि स्मरणासाठी बंगाली, अशी ही विभागणी आहे.

परदेशाने त्यांना मातृभाषेकडे वळविले, असे मात्र म्हणता येणार नाही. मातृभाषेविषयीची त्यांची पहिली चतुर्दशपदी प्रयाणापूर्वीच, १८६० साली, लिहिली गेली होती. दूरत्वाने बदलला तो काव्यविषय. महाकाव्यातील लंकेच्या जागी आता स्वतःचे गाव आले, आणि पुराणकथेच्या जागी बालपण. 'चतुर्दशपदी कवितावली' १८६६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाली. कवी तेव्हा युरोपातच होता. मराठीत हाच रचनाबंध 'चतुर्दशक' म्हणून रूढ करू पाहणाऱ्या केशवसुतांचा जन्म याच वर्षीचा आहे.

नोव्हेंबर १८६६ मध्ये बॅरिस्टर होऊन मधुसूदन पुढील वर्षाच्या प्रारंभी कलकत्त्यास परतले. कुटुंब फ्रान्समध्येच राहिले आणि आता पत्रांची व पैशांची वाट पाहणे हेन्रिएटांच्या वाट्याला आले. १८६९ साली त्या मुलांसह परत आल्या. वकिलीत मिळालेला पैसा टिकला नाही. होमरच्या कथेवरचे अपुरे गद्य 'हेक्टरवध' (१८७१) आणि 'मायाकानन' हे नाटक एवढीच अखेरच्या काळातील उल्लेखनीय निर्मिती होय. २६ जून १८७३ रोजी हेन्रिएटा आणि तीन दिवसांनी मधुसूदन कलकत्त्यास निधन पावले. कपोताक्षावरील कविता त्यांनी सेन नदीच्या देशात लिहिली. कपोताक्षाच्या मुलखात परतल्यावर तशी कविता त्यांच्या हातून पुन्हा झाली नाही.