दुष्काळांतील प्रार्थना

संकटकाळीं प्रार्थनेचा उपयोग काय, हा प्रश्न सुधारणावादी मंडळींत निघाला म्हणजे त्याचें उत्तर बहुधा थट्टेनें दिलें जातें. देवापुढें हात जोडून बसणारा मनुष्य हातपाय हलवीत नाहीं, असा आमच्यापैकीं पुष्कळांचा समज आहे. आणि असे निष्क्रिय भक्त आपल्या समाजांत थोडे नाहींत, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. तथापि जिच्या चरित्रापुढें हा समज टिकत नाहीं अशी एक स्त्री आपल्याच महाराष्ट्रांत राबली, आणि आपणच तिला दूर लोटलें. पंडिता रमाबाईंच्या निधनास शंभराहून अधिक वर्षें झालीं. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेविषयीं राग व संकोच सोडून विचार करण्यास एवढा काळ पुरेसा असावा, असें आम्हांस वाटतें.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें धन मुलीस दिलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडत असतां १८७० नंतरच्या दशकांतील दक्षिणेकडील दुष्काळांत सांपडलें. जवळचें द्रव्य संपलेलें, मोलमजुरीची संवय नाहीं, भीक मागण्याची लाज! उपासतापास, जपजाप्य व देवदर्शनें चालू असतांनाच प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण अशीं एकामागून एक माणसें गेलीं. रमाबाई व बंधु श्रीनिवास हीं दोघें अर्धपोटीं शेंकडों कोस पायीं चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. परंतु लहानपणची श्रद्धा त्या दुष्काळांतच ढांसळली होती. तिची जागा पदव्यांनीं भरून निघण्यासारखी नव्हती. १८८० सालीं भाऊ गेला. त्याच वर्षीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीही पटकीनें वारले. चोविसावें वर्ष चालू असतां रमाबाई विधवा झाल्या. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढला, आणि पुढील वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कोणी म्हणतात, परक्या देशांत आश्रय देणाऱ्यांच्या भिडेस बळी पडून हें झालें. पुढील वागणूक पाहतां हा आक्षेप आम्हांस लंगडा वाटतो. आश्रय देणाऱ्या धर्मभगिनींशीं त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर व अधिकाराच्या प्रश्नावर वाद घालीत राहिल्या; पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये असें बिशपांचें मत पडलें, तेंही त्यांनीं निमूटपणें मानलें नाहीं. ज्या स्त्रीनें शास्त्र्यांची सत्ता झुगारली, ती पाद्र्यांची सत्ता डोळे मिटून पत्करणार नव्हती. इतकेंच नव्हे, तर आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाहीं, अशी कबुली त्यांनीं पुढें स्वतःच दिली, आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपलें मन खरें निवालें असें सांगितलें.

१८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदा सदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. त्या सदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. आमच्या विधवाशिक्षणाचा इतिहास त्या दारांतूनच सुरू होतो. परंतु तेंच दार वादाचें मूळ झालें. रमाबाई आपल्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. सदनांत धर्मशिक्षण दिलें जाणार नाहीं असा शब्द होता. तो मोडला कीं नाहीं, यावर १८९३ सालीं पुण्यांत रण माजलें. केसरीनें टीकेची झोड उठविली. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सुहृदांनीं सल्लागारपद सोडलें. वीसपंचवीस मुली घरीं नेण्यांत आल्या. सल्लागारांची अडचण आम्ही समजूं शकतों. पण नेलेल्या मुलींच्या शिक्षणाची सोय किती जणांनीं पाहिली, हा प्रश्न विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून उपासमारीच्या वार्ता आल्या, तेव्हां वीस वर्षांपूर्वींची स्वतःची भूक ज्या बाईंस आठवत होती त्या घरीं बसून राहिल्या नाहींत. त्या तिकडे गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणविल्या. पुण्यांत प्लेगामुळें त्यांस ठेवणें अशक्य झालें, तेव्हां केडगांवच्या मोकळ्या जमिनीवर तात्पुरता निवारा उभा राहिला. याच सुमारास पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेंत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनीं वृत्तपत्रांतून निर्भीडपणें मांडली. धर्म सरकारचा म्हणून सरकारपुढें त्यांची वाणी दबली नाहीं. मुक्ति सदन १८९८ सालीं रीतसर स्थापन झालें. अमेरिकेंतील मंडळीनें दहा वर्षांच्या मदतीचें दिलेलें वचन त्याच वर्षीं संपत आलें होतें. पाठोपाठ १८९९-१९०० चा गुजराथेंतील घोर दुष्काळ आला, आणि केडगांवची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

एवढीं तोंडें रोज कशीं भरलीं? रमाबाईंचें उत्तर एकच असे: प्रार्थनेनें. पण ती प्रार्थना होती कशी, हें पाहिलें पाहिजे. तेथें शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. आंधळ्यांकरितां शिक्षण होतें, आणि ज्यांस समाज पतित म्हणतो त्यांच्याकरितां कृपा सदन होतें. पहांटे देवापाशीं धान्य मागणारी बाई दिवसभर तें पिकविण्याची, दळण्याची व वाटण्याची तजवीज करी. प्रार्थनेनें त्यांस काम टाळण्याची सबब दिली नाहीं. सर्वांनीं पाठ फिरविल्यावर काम न टाकण्याचें बळ दिलें.

अन्नाच्या आशेनें आलेल्या मुलीनें अन्नदात्रीचा धर्म घेतला, तर त्यास स्वेच्छा म्हणावें काय? हा आक्षेप क्षुल्लक नाहीं, आणि भक्तीच्या भरांत तो दडपूं नये असेंच आमचें मत आहे. भुकेल्या मनुष्याचा होकार सावधपणें तोलला पाहिजे. परंतु हा आक्षेप घेण्याचा अधिकार ज्यानें त्या मुलीस आधीं घास दिला त्यासच शोभतो. त्या दुष्काळी मुलुखांतून निराधार मुली उचलून आणण्यास आमचे किती धर्माभिमानी व किती सुधारक गेले होते, याचा हिशेब आमच्या बाजूनें लाजिरवाणा आहे.

अखेरच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करीत होत्या. खेड्यांतील साध्या बाईस तें समजावें, हा त्यांचा कटाक्ष होता. १९२१ सालीं ज्या मनोरमेवर सर्व भार सोंपवावयाचा ती कन्या वारली. आईनें शोक गिळून लेखणी पुन्हां उचलली, काम तडीस नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवला. संपूर्ण भाषांतर १९२४ सालीं बाहेर पडलें.

त्यांचा धर्म वाचकांनीं स्वीकारावा, असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. पण ज्यास आपल्या देवाची प्रार्थना करावयाची असेल त्यानें ती करून उठल्यावर आपलीं पावलें कोठें वळतात तें पाहावें. आणि ज्यास प्रार्थनेची गरज वाटत नाहीं, त्यानें केडगांवास जितक्यांस भाकर मिळाली तितक्यांस देऊन दाखवावी. संकटाच्या दिवशीं ज्या दारांतून निराश्रिताला आंत घेतलें जातें, तें दार कोणत्या देवाच्या नांवानें उघडलें याचा वाद मागाहून घालतां येईल; आधीं आपलें दार उघडें आहे कीं नाहीं, तें प्रत्येकानें पाहावें.