विश्लेषण : बोलताना स्वतःचाच कान जपायचा कसा? मार्कोनी, खडकी-दौंड आणि आजच्या हॅम रेडिओचे नाते काय?

असोदा (जि. जळगाव) : मार्कोनी म्हटले की त्यांनी बिनतारी संदेश पाठवला, एवढेच आपल्याला आठवते. पण पाठवण्याइतकाच अवघड प्रश्न ऐकण्याचा होता. ज्या अँटेनातून जोरदार लहर सोडायची, त्याच अँटेनावर पुढच्या क्षणी शेकडो किलोमीटरवरून आलेली क्षीण लहर पकडायची. या अदलाबदलीत चूक झाली तर स्वतःच्याच आवाजाने स्वतःचा कान निकामी होतो. असोद्याच्या शेतात बसून ५जीवर व्हिडिओ पाहताना तुमचा फोन हे काम सेकंदाला शेकडो वेळा करतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. हौशी रेडिओ चालवणाऱ्या 'हॅम' मंडळींना मात्र आजही त्याची काळजी स्वतः घ्यावी लागते. या प्रश्नावरच्या मार्कोनी यांच्या एका उत्तराचा पत्ता तर आपल्या महाराष्ट्रातला आहे.

प्रश्न नेमका काय आहे?

साधे गणित पाहू. हॅमच्या घरातला १०० वॉटचा ट्रान्समीटर ५० ओहमच्या केबलवर सुमारे ७० व्होल्ट देतो. त्याच केबलवरून येणारा, छान ऐकू येणारा सिग्नल असतो सुमारे ५० मायक्रोव्होल्टचा. म्हणजे जाणारा व्होल्टेज येणाऱ्याच्या १४ लाख पट. पोळ्याच्या मिरवणुकीत ढोलाला कान लावून शेजारच्या गावातली कुजबूज ऐकण्यासारखाच हा प्रकार.

रिसीव्हर ही कुजबूज ऐकण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच्या पहिल्या टप्प्यात नाजूक ट्रान्झिस्टर असतात. ट्रान्समीटरची ताकद थेट तिथे शिरली तर ते जळतात. त्यामुळे पाठवताना रिसीव्हर अँटेनापासून तोडणे आणि पाठवून झाल्यावर तो पुन्हा जोडणे, ही रेडिओतली पहिली शिस्त ठरली. मार्कोनी यांना ती पहिल्या दिवसापासून पाळावी लागली.

मार्कोनी कोण होते?

गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. असोद्याच्या लेक बहिणाबाई चौधरी यांच्यापेक्षा ते सहा वर्षांनी मोठे. वडील ज्युसेप्पे सधन जमीनदार. आई ॲनी जेम्सन आयर्लंडच्या, प्रसिद्ध व्हिस्की उद्योगाच्या घराण्यातल्या. मार्कोनी यांनी विद्यापीठाची पदवी घेतली नाही. हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत दाखवल्या होत्या. त्या लहरींनी तारायंत्राचे काम करता येईल, या कल्पनेने तरुण मार्कोनी झपाटले.

१८९५ मध्ये पोन्टेक्क्यो येथील घराच्या माळ्यावर त्यांनी प्रयोग सुरू केले. पाठवण्यासाठी ठिणगी पाडणारे यंत्र होते आणि ऐकण्यासाठी 'कोहिरर', म्हणजे धातूचा बारीक कीस भरलेली काचेची नळी. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो आणि त्यातून वीज वाहू लागते. मग नळीला टिचकी मारून कीस पुन्हा मोकळा करायचा. हा कान इतका हळवा होता की शेजारी स्वतःची ठिणगी पडली तरी कीस चिकटायचा. म्हणून रिसीव्हर धातूच्या बंद पेटीत ठेवला जाई.

टेकडीपलीकडे संदेश पोहोचला, याची खूण म्हणून बंदुकीचा बार काढल्याचे सांगितले जाते. म्हणजे बिनतारी संदेशाला पहिले उत्तर बिनतारी मिळालेच नाही. पलीकडे फक्त कान होता, तोंड नव्हते.

प्रसिद्धी कशी मिळाली?

इटलीत पुरेसा पाठिंबा न मिळाल्याने १८९६ मध्ये मार्कोनी आईसोबत लंडनला गेले आणि २ जून रोजी पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश पोस्ट ऑफिसचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना साथ दिली. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवरून संदेश गेला. त्याच वर्षी कंपनी उभी राहिली. १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सशी संपर्क झाला.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे पतंगाला टांगलेली तार अँटेना म्हणून वापरून त्यांनी अटलांटिकपलीकडून, इंग्लंडमधील पोल्ढू केंद्रातून आलेले 'एस' अक्षराचे तीन टिंब ऐकल्याचे जाहीर केले. हा संवादही एकतर्फीच होता. सेंट जॉन्सला महासागर ओलांडेल असा ट्रान्समीटर नव्हता. ऐकल्याचा स्वतंत्र पुरावाही नव्हता, त्यामुळे त्याबद्दलचा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

त्या दिवशी वापरलेल्या पाऱ्याच्या कोहिररचा भारताशी संबंध आहे. जगदीशचंद्र बोस यांनी लोखंड आणि पाऱ्याच्या कोहिररविषयीचे संशोधन १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. मार्कोनी यांना हा कान इटलीच्या नौदलाकडून मिळाला. त्याचे मूळ श्रेय बोस यांचे, असे मत अनेक अभ्यासकांनी पुढे मांडले.

एकाच अँटेनावर दोन्ही कामे कशी जमवली?

सुरुवातीचा उपाय साधा होता. मधे एक स्विच. एका बाजूला केला की अँटेना ठिणगीच्या यंत्राला, दुसऱ्या बाजूला केला की रिसीव्हरला जोडली जाई. हे काम माणसाच्या हाती होते आणि घाईत चूक झाली तर नुकसान ठरलेले.

पुढे कंपनीने जहाजांवरील संचात 'अर्थ अरेस्टर' नावाची छोटी युक्ती वापरली. अँटेनाची तार जमिनीला जोडण्याआधी दोन धातूच्या चकत्यांमध्ये बारीकशी फट ठेवायची आणि रिसीव्हर त्या फटीच्या दोन बाजूंना जोडायचा. ट्रान्समीटर चालू झाला की मोठ्या दाबाने फटीत ठिणगी पडते, जोरदार प्रवाह तिथूनच जमिनीत जातो आणि रिसीव्हर बचावतो. बाहेरून आलेली क्षीण लहर मात्र फट ओलांडू शकत नाही, ती निमूटपणे रिसीव्हरकडे जाते. हलणारा एकही भाग नाही. दुसऱ्या महायुद्धातील रडारमध्ये वायूने भरलेल्या नळ्या याच तत्त्वावर एकाच अँटेनाचे तोंड आणि कान वेगळे ठेवत होत्या.

टायटॅनिकशी संबंध काय?

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड हे मार्कोनी कंपनीचे ऑपरेटर होते. फिलिप्स दूरच्या केप रेस केंद्राशी प्रवाशांच्या तारांची देवाणघेवाण करत होते. तेवढ्यात जवळच बर्फात थांबलेल्या 'कॅलिफोर्नियन' जहाजाच्या ऑपरेटरने इशारा द्यायला सुरुवात केली. जहाज जवळ असल्याने त्याचा सिग्नल फिलिप्स यांच्या कानात प्रचंड मोठ्याने आदळला आणि केप रेसचा बारीक आवाज बुडाला. वैतागलेल्या फिलिप्स यांनी त्याला मधे न येण्यास बजावले. थोड्या वेळाने कॅलिफोर्नियनच्या ऑपरेटरने यंत्र बंद केले आणि तो झोपला. त्यानंतर काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळले.

पुढे टायटॅनिकची हाक 'कार्पेथिया' जहाजाने ऐकली आणि ७०० हून अधिक जण वाचले. दीड हजारांच्या आसपास लोक बुडाले. मार्कोनी यांच्या नावाचा जगभर गौरव झाला, पण धडा वेगळाच होता. संकटाच्या वेळी किती मोठ्याने ओरडता यापेक्षा त्या वेळी कोणी ऐकत आहे का, हे महत्त्वाचे. म्हणून १९१४ च्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात जहाजांवर सतत रेडिओ ऐकण्याच्या पाळीची तरतूद करण्यात आली.

खडकी आणि दौंड कुठून आले?

१९०७ मध्ये आयर्लंडमधील क्लिफ्डन आणि कॅनडातील ग्लेस बे यांच्यात व्यापारी सेवा सुरू झाली. एकीकडे पाठवणे चालू असताना तिथेच ऐकता येत नव्हते. पाठवताना कान बंद, म्हणजे अर्धा वेळ वाया. उपाय निघाला तो स्विच सुधारण्याचा नव्हे, स्विचच काढून टाकण्याचा. बोलणारे केंद्र एका गावात आणि ऐकणारे केंद्र दुसऱ्या गावात. क्लिफ्डनसाठी लेटरफ्रॅक आणि ग्लेस बेसाठी लुईबर्ग येथे वेगळी ऐकणारी केंद्रे उभी राहिली.

दरम्यान, निरुपयोगी समजून हौशी मंडळींकडे सोपवलेल्या २०० मीटरपेक्षा आखूड लहरींनी चमत्कार केला. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील हॅम या लहरींवर अटलांटिकपलीकडे दुतर्फा बोलले. त्याच वर्षी मार्कोनीही आपल्या 'इलेत्रा' या नौकेवरून केप व्हर्देपर्यंत आखूड लहरींची चाचणी घेत होते. सहकारी सी. एस. फ्रँकलिन यांनी या लहरी टॉर्चसारख्या एका दिशेला फेकणाऱ्या अँटेना तयार केल्या. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी 'बीम' सेवेचा करार झाला.

या साखळीत १९२७ मध्ये भारत जोडला गेला. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीचे पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकी भागात आणि ऐकणारे केंद्र दौंडला उभे राहिले. दोन्हींमध्ये सुमारे ७५ ते ८० किलोमीटर अंतर. तिकडे इंग्लंडमध्ये ग्रिम्सबी बोलायचे आणि स्केग्नेस ऐकायचे. दिवसा साधारण १६ मीटर आणि रात्री साधारण ३४ मीटर लांबीची लहर वापरली जाई. मुंबईतून पाठवलेली तार खडकीहून हवेत जायची, लंडनचे उत्तर दौंडला उतरायचे आणि तिथून तारेने मुंबई गाठायचे. महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावहून पुण्याला जाताना वाटेत दौंड लागते, ते हेच दौंड.

ही सेवा इतकी स्वस्त पडली की समुद्राखालून तारा टाकणाऱ्या कंपन्या अडचणीत आल्या आणि १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये दोन्ही व्यवसाय एकत्र करावे लागले. भारतात १९३२ मध्ये तसेच झाले. १९४७ मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस सुरू केली. तिचीच पुढे १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाली.

आजचे हॅम काय करतात?

हॅमकडे ७५ किलोमीटरवर दुसरे घर नसते. असते ते एक अंगण किंवा गच्ची. त्यामुळे स्विच आलाच. बहुतेक आधुनिक संचांत हा स्विच रिलेच्या रूपात आतच असतो. बाहेरून पॉवर ॲम्प्लिफायर किंवा ऐकण्यासाठी वेगळी अँटेना जोडली की क्रम स्वतः सांभाळावा लागतो :

१. बोलण्याचे बटण दाबताच आधी रिसीव्हर अँटेनापासून तुटला पाहिजे.

२. मग अँटेना ट्रान्समीटरकडे वळली पाहिजे. रिलेचे संपर्क स्थिर व्हायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढे थांबणे आवश्यक.

३. त्यानंतरच ट्रान्समीटरमधून ताकद बाहेर पडली पाहिजे.

४. बटण सोडताना क्रम उलटा. आधी ताकद शून्य, मग अँटेना परत, शेवटी रिसीव्हर जोडायचा.

हा क्रम चुकला तर रिले चालू ताकदीवर उघडतो, संपर्कावर ठिणगी पडते आणि ते काळे पडतात. क्षणभर ट्रान्समीटरला अँटेनाच मिळत नाही, ताकद उलटी फिरते आणि ट्रान्झिस्टर जाण्याची भीती असते.

वेगळी ऐकण्याची अँटेना लावली म्हणजे धोका टळला, असेही नाही. ८० आणि १६० मीटरच्या पट्ट्यांत खरखर फार असते, म्हणून अनेक हॅम ऐकण्यासाठी लूप किंवा जमिनीलगतची लांब तार वापरतात. ती पाठवणाऱ्या अँटेनाच्या जवळ असेल तर पाठवताना तिच्यातही मोठा व्होल्टेज येतो. म्हणून पाठवताना ती तोडून रिसीव्हरची बाजू जमिनीला जोडतात. रिले असा निवडतात, की वीज गेली तरी रिसीव्हर सुरक्षित बाजूला राहील. शिवाय रिसीव्हरच्या तोंडाशी जादा व्होल्टेज अडवणारे डायोड किंवा वायूने भरलेली नळी लावतात. ही नळी म्हणजे अर्थ अरेस्टरचीच नात. पावसाळ्यात वीज कडाडू लागण्याआधीच सगळ्या अँटेना संचापासून काढून ठेवायच्या. तिथे कोणताही स्विच पुरेसा नाही.

मार्कोनी यांची अखेर कशी झाली?

१९०९ मध्ये मार्कोनी यांना कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९१२ मध्ये मोटार अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला. १९३१ मध्ये त्यांनी व्हॅटिकन रेडिओ उभारून दिला.

त्यांच्या चरित्राला काळी बाजूही आहे. १९२३ मध्ये ते फॅसिस्ट पक्षात गेले. मुसोलिनीच्या राजवटीने दिलेली पदे त्यांनी स्वीकारली आणि १९३० मध्ये ते इटलीच्या अकादमीचे अध्यक्ष झाले. शोधांच्या श्रेयावरून ऑलिव्हर लॉज, निकोला टेस्ला यांच्याशी असलेला वाद त्यांच्यामागेही चालू राहिला. ट्यूनिंगविषयीच्या त्यांच्या पेटंटमधील काही दावे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये रद्द ठरवले.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने मार्कोनी यांचे निधन झाले. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. अंत्यसंस्काराच्या दिवशी बीबीसी आणि ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या बिनतारी केंद्रांनी त्यांच्या सन्मानार्थ दोन मिनिटे आपले ट्रान्समीटर बंद ठेवले.