थोरोचा हिशेब

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकॉर्ड या गावी १२ जुलै १८१७ रोजी हेन्री डेव्हिड थोरो याचा जन्म झाला. वडिलांचा शिसपेन्सिली तयार करण्याचा धंदा होता. घरची स्थिती बेताचीच होती. तरी त्याला हार्वर्ड महाविद्यालयात धाडण्यात आले, आणि १८३७ साली तो पदवीधर झाला. पुढे त्याने शिक्षकाचे काम केले, जमिनींची मोजणी केली, पेन्सिलींतही सुधारणा केली; परंतु श्रीमंत होण्याच्या खटपटीस तो कधी लागला नाही.

याचे कारण आळस नव्हे. गावातील शेतकऱ्यांपाशी जमिनी, गोठे, गुरेढोरे सर्व काही होते. पण पुष्कळांच्या जमिनी गहाण पडलेल्या, आणि त्या सोडविता सोडविता त्यांचे उभे आयुष्य सरत होते. वस्तूसाठी मोजलेले पैसे म्हणजे तिची सारी किंमत नव्हे. ते पैसे मिळविण्यात आणि पुढे ती वस्तू झाडण्यापुसण्यात, दुरुस्त करण्यात व राखण्यात जितके आयुष्य खर्ची पडते, तितकी तिची खरी किंमत, असे थोरोच्या मनाने घेतले. हे स्वतः जगून पाहण्याचे त्याने ठरविले.

गावाजवळ वॉल्डन नावाचे तळे होते. त्याच्या काठी थोरोचा मित्र, प्रसिद्ध लेखक इमर्सन, याची जमीन होती. तेथे थोरोने स्वतःच्या हातांनी पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद असे घर बांधले. फळ्यांसाठी त्याने एका रेल्वे मजुराची जुनी झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेतली. सर्व खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट! हार्वर्डला विद्यार्थ्याच्या एका खोलीचे वर्षाचे भाडेच तीस डॉलर होते. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला.

घरात एक पलंग, एक मेज, लिहिण्याचे एक डेस्क आणि तीन खुर्च्या एवढेच मुख्य सामान होते. डेस्कावर चुनखडीचे तीन सुंदर तुकडे ठेवलेले असत. ते रोज पुसावे लागणार असे ध्यानात येताच त्याने ते खिडकीतून फेकून दिले. एका बाईंनी पायपुसणे देऊ केले, तेही त्याने घेतले नाही. ते झटकावयास वेळ कोठून आणावा? दाराबाहेरच्या गवतावर पाय पुसणे त्याला पुरे वाटले. हा हट्टीपणा वाटेल, आणि थोडासा तो होताही.

आगगाडीलाही त्याने हाच हिशेब लावला. फिचबर्ग तीस मैल दूर. भाडे नव्वद सेंट, म्हणजे मजुराची जवळजवळ दिवसाची कमाई. पायी निघालेला माणूस रात्रीपर्यंत तेथे पोहोचे; भाड्यासाठी आधी राबणारा मात्र त्याच्या मागून.

थोरोने अडीच एकरांत मुख्यतः घेवड्याचे पीक घेतले. खर्च वजा जाता सुमारे पावणेनऊ डॉलर उरले. वर्षातून सहा आठवडे मजुरी केली तरी आपला निर्वाह होतो, असे त्याला आढळले. उरलेला वेळ वाचन, लेखन व निसर्गनिरीक्षण यांसाठी मोकळा राही. अर्थात तो एकटा होता, जमीन मित्राची होती, आणि अधूनमधून तो आईकडे जेवावयासही जाई. संसारी माणसाचा हिशेब याहून अवघड असतो.

६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने ते घर सोडले. तळ्याकाठी लिहिलेले त्याचे पहिले पुस्तक १८४९ साली निघाले. ते खपले नाही. हजार प्रतींपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने १८५३ साली परत धाडल्या. छपाईचे पैसे थोरोनेच फेडले होते. ते सारे ओझे पाठीवरून माडीवर चढविताना, आपल्या ग्रंथसंग्रहातील बहुतेक पुस्तके आपणच लिहिलेली आहेत, याची त्याला गंमत वाटली.

पुढील वर्षी ‘वॉल्डन’ प्रसिद्ध झाले. त्यात घराच्या खर्चाचा पै-पैचा तपशील आहे. एका सेंटच्या खडूचीही नोंद त्याने गाळलेली नाही. ६ मे १८६२ रोजी क्षयाच्या विकाराने काँकॉर्ड येथेच त्याचे निधन झाले.